ऊन दाखवलेलं नमन

आमच्या शेजारच्या परड्यात वालीच्या मांडवावर चकचकीत चकत्या टांगल्या आहेत. वाऱ्यावर गरगरतात, उन्हात लखलखतात. माकडांनी घाबरावं म्हणून सुमनने टांगल्या. माकडं घाबरत नाहीत. परवा एक वानर त्यात आपलं तोंड बघत बराच वेळ बसला होता, आणि शेंगा खाऊनच गेला.

सुट्टीत आलेल्या नातीने विचारलं, "आजी, ह्या कशाच्या गं?"

"शांताराम भावजींच्या. वाडीची निम्मी लग्नं आहेत ह्यांच्यात."

तिला खोटं वाटलं. खोटं नाही. फक्त ती लग्नं दिसत नाहीत. भावजी होते तेव्हाही पुष्कळदा दिसत नव्हती.

शांताराम भावजी म्हणजे सुमनचा नवरा. त्यांच्या आणि आमच्या घरामध्ये एक जांभ्याचा गडगा. आमचं सगळं बोलणं त्या गडग्यावरून. मुंबईत एका मोठ्या कचेरीत ते शिपाई होते. तिथे कॉम्प्युटरची वेगळी थंडगार खोली होती आणि भावजींचं स्टूल त्या खोलीच्या दारात. आत जायची परवानगी नव्हती, पण दार काचेचं होतं. निम्मी नोकरी त्यांनी त्या काचेतून आत बघण्यात काढली.

"वहिनी, मी कॉम्प्युटरमध्ये होतो," असं ते सांगायचे.

"कॉम्प्युटरच्या दारात होतात."

"आत बसणाऱ्याला एक मशीन दिसतं. दारात बसणाऱ्याला सगळी खोली दिसते."



ते निवृत्त झाले तेव्हा कचेरीने जुनी मशीनं काढून टाकली. त्यातलं एक भावजींनी गोधडीत गुंडाळून गावी आणलं. गाडीत सबंध वाट मांडीवर घेऊन बसले. सुमन म्हणते, बाळंतपण झालेल्या लेकीलासुद्धा त्यांनी इतकं जपून आणलं नव्हतं.

त्या मशीनवर ते वाडीतल्या लग्नांचं, पूजांचं शूटिंग सीडीच्या चकत्यांवर उतरवून द्यायला लागले. बाजारात तेव्हा दोन जातींच्या चकत्या मिळायच्या. एक स्वस्त, तिच्यावर एकदाच लिहायचं. दुसरी महाग, तिच्यावर लिहायचं, पुसायचं, परत लिहायचं. भावजी दुसरीच घ्यायचे.

"एकदा वापरून टाकायचं हे आपल्यात बसत नाही. आपण नारळाची करवंटी टाकत नाही. ही पाटी आहे, वहिनी. लिहा, पुसा, लिहा."

मी चौथीपर्यंत पाटीवरच शिकले. पाटीचं मला एवढं कळतं की पुसलेलं परत मिळत नाही, आणि फार पुसलेल्या पाटीवर अक्षर उमटत नाही. तसं मी सांगितलं.

"ती दगडाची पाटी. ही लेझरची."

भावजी चकती लिहायला बसले की घरात सोवळं सुरू व्हायचं. आधी पंखा बंद. मग मिक्सर बंद, कारण मिक्सर लागला की वीज दबते. ओटीवरून कोणी धाडधाड चालायचं नाही. मशीनची बशी चकती घेऊन आत गेली की भावजी गुडघ्यांवर हात ठेवून समोर बसायचे आणि पडद्यावरची हिरवी पट्टी भरत जाते तिकडे बघायचे. पट्टी भरेपर्यंत आमटीला वाटण नाही.

आतून सुमन ओरडायची, "झालं का नाय? पावणे जेवायचे खोळंबलेत!"

"चार आणे राहिलंय!"

चार आण्यांवर येऊन पट्टी अडायची. मशीन कुरकुरायचं आणि पडद्यावर इंग्रजीत काहीतरी यायचं. भावजी चष्मा पुसून ते एकेक अक्षर वाचायचे.

"काय म्हणतंय?" मी गडग्यावरून विचारायची.

"म्हणतंय, परत करा."

पडद्यावर दर वेळी वेगळं यायचं, लांब, आखूड, कधी तांबड्या रंगात. पण भावजींना त्या सगळ्याचा अर्थ 'परत करा' असाच लागायचा. मग पुसणं, मग पहिल्यापासून लिहिणं. वेग कमी करायचा. 'पहिलीतलं पोर सावकाश गिरवतं तसं लिहू दे' म्हणायचे. आणि खरंच, सावकाश लिहिलेली चकती पुष्कळदा लागायची. तेवढं श्रेय मी त्यांना देते.

एकदा मी विचारलं, हे अडतं तरी का? त्यांनी समजावलं, की लेझर लिहीत असतो तेव्हा मागून त्याला माल मिळत राहावा लागतो. वीज दबली, माल तुटला, की लिहिणं फसलं.

"म्हणजे जात्यासारखं," मी म्हटलं. "मूठ पडायची थांबली की दगडावर दगड."

 दुसऱ्या दिवशी भावजी हेच जातं आणि हीच मूठ दुकानात चार माणसांना समजावून सांगत होते. माझं नाव नव्हतं त्यात.

खालच्या घरच्या मंदाच्या लग्नाची चकती तिच्या सासरच्या मशीनवर लागेना. कुठेच लागेना, फक्त भावजींच्या मशीनवर लागे. भावजी म्हणाले, "ह्या चकतीची चकाकी मंद असते. त्यांच्या मशीनचा डोळा अधू आहे. त्याला मी काय करू?" शेवटी मंदाच्या सासरची माणसं टेम्पो करून आली आणि सगळ्यांनी भावजींच्या ओटीवर बसून लग्न बघितलं. सुमनने सगळ्यांना पोहे केले, कोकम सरबत केलं. अक्षता पडल्या, ओटीवरच्यांनी परत टाळ्या वाजवल्या, मंदाच्या सासूने डोळे पुसले. लग्न संपलं तशी भावजींनी चकती बाहेर काढली.

"झालं ना बघून? मग पुसू का ही? रविवारी एका सत्यनारायणाला पाहिजे."

सासूने चकती हातातून हिसकून घेतली आणि पदराखाली धरून टेम्पोत जाऊन बसली. भावजींना तिचं काय बिनसलं ते कळलंच नाही.

एका उन्हाळ्यात बशी बाहेर यायची बंद झाली. बटण दाबलं की आतून नुसती कण्हायची. भावजींनी वायर बदलली. वीज तपासली. व्हायरस आहे म्हणाले. सुमन केर काढता काढता म्हणाली, "आत कुंभारीण माशी ये-जा करत होती. माती नेताना बघितली मी."

"ह्यातलं तुला काय कळतं?"

आणि ते रत्नागिरीला गेले. तिथे एका दुकानात आतला डोळा पुसायची एक वेगळी चकती मिळते, ती शोधून आणली. दुकानातला मुलगा म्हणाला म्हणे, "काका, हे आता कोणी वापरत नाही. पेनड्राइव्ह घ्या."

"त्यावर लिहिलेलं दिसतं का?"

"कॉम्प्युटरला लावलं की दिसतं."

"तसं नको. ही बघ, इथपर्यंत लिहिलंय, इथून पुढे कोरी. भात कुठपर्यंत कापलं ते बांधावरून दिसतं, तसं."

ती पुसायची चकती घेऊन ते मोठ्या दिमाखात घरी आले. आणि मग त्यांच्या लक्षात आलं, की ती आत घालायला बशी बाहेर यायला हवी.

शेवटी स्क्रू काढले. बशीच्या मागे कुंभारणीने मातीचं सुरेख घर केलं होतं, आत हिरव्या अळ्या भरून ठेवल्या होत्या. बशीला वारा लागावा म्हणून भावजी ती उघडी ठेवायचे, त्याचा हा प्रसाद. सुमन कमरेवर हात ठेवून उभी.

"मला संशय होताच," भावजी म्हणाले.

आता खरी गोष्ट सांगायची ती नमनाची.

शिमग्यात देवीची पालखी वाडीत येते आणि सहाणेवर, तिच्या चौथऱ्यावर, बसते. तिला उठवून नाचवायच्या आधी नमन घ्यावं लागतं. नमनात वाडीतल्या सगळ्या जागांना एकेक हाक असते. पऱ्याला म्हणजे ओढ्याला, घाटीतल्या चिऱ्याला, बांधावरच्या गेलेल्या माणसांना, आणि सर्वांत शेवटी वरच्या कातळाच्या धन्याला. क्रम मोडायचा नाही, एक जागा गाळायची नाही. नमन पुरं झाल्याशिवाय पालखी नाचवत नाहीत. हे नमन रामजीआबा घ्यायचे, त्यांच्या आधी त्यांचे वडील. लिहून ठेवायला आबांची हरकत होती. तोंडातलं तोंडात जायला पाहिजे म्हणायचे.

भावजींनी एका दुपारी आबांना ओटीवर बसवलं, समोर माईक ठेवला आणि सगळं नमन मशीनमध्ये घेतलं. मशीनला आबांची हरकत नव्हती, कारण ते तोंडातलंच होतं. चकती तयार झाली. भावजी म्हणाले, "आता निर्धास्त राहा, आबा. जन्मभराचं लिहून ठेवलंय."

घात झाला तो इथे. आबांचा पुतण्या विलास मुंबईला गाडी चालवतो. शिमग्याला रजेवर आला की तो आधी आबांपुढे शिकायला बसायचा आणि शिव्या खायचा. त्या वर्षीपासून आबा म्हणायला लागले, "शांतारामकडे हाय. जा, ऐक जा." विलासला वाटलं, आहेच तर ऐकू कधीतरी. फोन सगळ्यांकडे आले, पण शिमग्यात जो तो आपल्या पोराचं सोंग टिपणार. म्हाताऱ्याचं नमन कोण घेतो? चकती होतीच ना.

आणि भावजी दरवर्षी त्या चकतीला कल्हई करायचे. म्हणजे त्यातलं नमन मशीनमध्ये घ्यायचं, चकती पुसायची, ताजं लिहायचं, आणि जागा अडते म्हणून मशीनमधलं काढून टाकायचं. मग नीट उतरलंय का बघायला पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायचं. अडलं की परत करायचं, परत ऐकायचं. माघ लागला की आम्ही गडग्यापलीकडून आबांचा आवाज ऐकून ऐकून कंटाळायचो.

मग तो वैशाख आला. सुमन लेकीकडे गेली होती. जाताना सांगून गेली, पावसाआधी गोधड्यांना, मसाल्यांना, सगळ्याला ऊन दाखवा. भावजी सांगितलेलं काम पुरतं करणारे. आदल्या पावसात चकत्यांवर बुरशीचे ठिपके आले होते. त्यांनी खळ्यात चटई अंथरली आणि गोधड्यांच्या शेजारी सगळ्या चकत्या ओळीने मांडल्या. चकचकीत बाजू वर.

मी गडग्यावरून बघितलं. "भावजी, हे काय वाळत घातलंत?"

"ओल काढतोय."

"मधून पलटायला लागतील का, पापडासारख्या?"

मी थट्टा केली होती. भावजी म्हणाले, "हो, दुपारी तेवढ्या पलटा. मी जरा पडतो."

मी काही पलटल्या नाहीत. संध्याकाळी चकत्यांच्या कडा आंबापोळीसारख्या वर आल्या होत्या. भावजींनी त्या गोळा केल्या, डब्यात भरल्या आणि म्हणाले, "खडखडीत झाल्या."

त्याच वर्षी दिवाळीनंतर रामजीआबांना झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. त्या माघात भावजींनी कल्हई केली नाही. डबा उघडायचं टाळत होते असं मला वाटतं. शिमगा जवळ आला तसा विलास रजा काढून मुंबईहून आला, आणि चपला काढायच्या आधी ओटीवर आला.

"काका, ती चकती लावा. या वर्षी माज्यावर हाय."

लावली. बशी आत गेली. मशीन एकदा घरघरलं, धडधडलं, आबा दोन शब्द बोलले आणि थांबले. चकती आत हेलकावे खात होती. भावजींनी बशी बाहेर काढली, चकती धोतराच्या सोग्याने पुसली, परत लावली. वेग कमी केला. पंखा बंद केला. सुमनने न सांगता मिक्सरचा प्लग काढला. पडद्यावर इंग्रजी आलं. भावजींनी ते वाचलंच नाही.

दुसऱ्या दिवसापासून चकती फडक्यात गुंडाळून सुमनच्या पाट्याखाली दाबायला ठेवली. सपाट व्हावी म्हणून. पाटा अडलेला, मिक्सरचा प्लग काढलेला, घरात परत बिनवाटणाची आमटी. मग भावजी म्हणाले, उलट बाजूने ऊन दाखवू, उलटी वाकेल. सुमन म्हणाली, "त्या चकतीला हात लावलात तर मी तुमाला ऊन दाखवीन."

पाट्याखालून काढल्यावर चकती थोडी बरी चालायला लागली. तुकडे ऐकू यायचे. चार ओळी, मग घरघर, मग भलतीकडच्या दोन ओळी. शेवटाला, कातळाच्या धन्याला हाक घातली की चकती तिथेच अडकायची आणि तीच हाक परत परत यायची. विलास ओटीवर डोकं धरून बसायचा.

 भावजींचं जेवण तुटलं. एका सकाळी गडग्याशी आले.

"वहिनी, नमनावाचून पालखी उठली नाही तर?"

"तर वाडी तुम्हाला नाचवेल," मी म्हटलं.

 थट्टा न ऐकताच ते माघारी वळले, तेव्हा मीही मागोमाग त्यांच्या ओटीवर गेले. विलास बसलेलाच होता. भावजींनी परत चकती लावली. आबा पऱ्याला हाक घालून थांबले. घरघर सुरू झाली. भावजी वैतागून मशीनला म्हणाले, "अरे, पुढे 'घाटीच्या चिऱ्या, वाटेवर ऱ्हा' म्हणायचं! त्यात काय अडतोस?"

विलासने मान वर केली. "मग?"

"मग काय? मग 'बांधावरच्या माणसांनू'. मग आबा खोकतात. मग..."

"काका, तुमाला सगळं येतंय!"

"मला कुठे येतंय? मी काय नमनकार आहे?"

"येणारच," सुमन आतून म्हणाली. "माज्यापरीस जास्त त्याचंच ऐकलंय आयुष्यभर."

पण ते सरळ येत नव्हतं. भावजींना सूर नाही. शिवाय त्यांना नमन वेगळं काढून म्हणता येईना. चकतीवर जे जे होतं ते सगळं ओळीने म्हणावं लागे. आबांचं नमन मशीनमध्ये घेतलं त्या दुपारी मध्येच ओटीवर कोंबडी चढली होती. त्यामुळे बांधावरच्या माणसांना हाक झाली की भावजी त्याच आवाजात म्हणत, "हड्, हड्! शांताराम, कोंबडी हाकल रे," मग खोकत, आणि मग पुढची ओळ. विलास म्हणाला, कोंबडी गाळा. गाळली, तर पुढचं सगळं गेलं. मग कोंबडी राहू दिली.

बरोबर-चूक कोण सांगणार? आबांना खुर्चीत बसवून चौघांनी ओटीवर आणलं. त्यांना बोलता येत नव्हतं, पण डावा हात चालत होता. भावजी डोळे मिटून म्हणायला लागले. चुकले की आबा खुर्चीच्या हातावर थाप मारायचे. सूर सोडल्याबद्दलही मारायचे, त्यामुळे पहिल्या दिवशी थापाच फार झाल्या. कोंबडीला 'हड्' म्हटलं तेव्हा मात्र आबांनी मान डोलावली. बरोबर होतं ते.

शेवटी कातळाच्या धन्याची हाक आली. पंधरवडाभर चकती तिथेच अडकलेली ऐकून भावजींच्या तोंडात ती तशीच बसली होती. एकदा म्हणाले. परत म्हणाले. तिसऱ्यांदा म्हणाले आणि मग थांबले. आम्ही थापेची वाट बघत होतो. थाप आली नाही. आबांचं वाकडं झालेलं तोंड हलायला लागलं, पोट हलायला लागलं. म्हातारा हसत होता. लाळ गळली, ती त्यांच्या लेकीने पुसली.

"म्हंजे तीनदा," विलास म्हणाला.

भावजींच्या लक्षात आलं ते दुसऱ्या दिवशी. धावत विलासकडे गेले. "अरे, ती चकतीची चूक आहे! हाक एकदाच आहे!"

"आबांनी थाप नाय मारली, काका. म्हंजे बरोबर."

"ते हसत होते!"

"आनंदाने हसले."

त्या पावसात भावजींच्या छातीत पाणी झालं. मुलगा मुंबईला घेऊन गेला, तिथेच ते गेले. आबा त्यांच्या मागोमाग. नमन विलास घेतो, चांगलं घेतो. कातळाच्या धन्याला तीनदा हाक असते. गेल्या वर्षी एका पाहुण्याने विचारलं, तीनदा का? विलासने सांगितलं, एक देवाला, एक पितरांना, एक वाटसरूला. मी शेजारीच होते. मला हसू आलं, ते मी पदरात लपवलं.

भावजींना मी धडधाकट असं शेवटचं बघितलं ते विलासच्या त्या पहिल्या नमनाच्या शिमग्यात. दिवेलागण झाली होती. पालखी सहाणेवर, आबा पुढे खुर्चीत, मृदंग लागलेला. विलास एकेक जागा घेत चालला होता, कोंबडीवाचून, न अडखळता. भावजी त्याच्या पाठीशी उभे, ओठ हलताहेत. कातळाच्या धन्याला पहिली हाक झाली. दुसरी सुरू झाली तसे भावजी माणसं सारत पुढे आले आणि थांबवायला त्यांनी हात वर केला. तिसरी हाक झाली. ढोल वाजला, पालखी उठली, आणि भोयांना वाटलं हा खांदा द्यायला आलाय. त्यांनी दांडा भावजींच्या खांद्यावर दिला. गुलालात मला भावजींचं तोंड तेवढं दिसत होतं. पालखीखाली ते नाचत होते आणि ओरडत होते, "चूक आहे! थांबा रे, चूक आहे!" आणि ढोलापुढे कोणालाच ऐकू येत नव्हतं.